चार तोळे सात मासे म्हणजे किती?

आजीच्या पाटल्या लॉकरमधून काढल्या, तेव्हा त्या गुंडाळलेल्या फडक्यात एक चिठ्ठी निघाली. कागद पिवळा पडलेला, चौकोनी घडीवर विरलेला, शाई मात्र स्पष्ट: ‘पाटल्या जोड १, तो. ४ मा. ७ गुं. ३’. खाली १९४८ साल आणि बेळगाव. आजीचे लग्न त्या वर्षी झाले आणि दागिने बेळगावहून करून आणले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

फोंड्याच्या सोनार शेटकडे पाटल्या काट्यावर ठेवल्या. आकडा आला ५३.६१ ग्रॅम. शेट सहज म्हणाला, “पाच तोळे साडेतीन ग्रॅम आहेत, आत्या.” आत्याचा चेहरा बदलला. चिठ्ठीत चार तोळे आणि वर काही, काट्यावर पाचाच्या वर. घरी येईपर्यंत तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेले. या आजीच्याच पाटल्या ना? मध्ये कुणी मोडून नव्या केल्या का? केल्या तर सोने वाढले कसे?

सोने वाढले नव्हते, पाटल्याही त्याच होत्या. बदलला होता तो तोळा.

आज दुकानात ‘तोळा’ म्हटले की समोरच्याला दहा ग्रॅम ऐकू येतात. बिल ग्रॅममध्येच होते, कारण २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे भाव आणि वजन मेट्रिक एककांतच द्यावे लागते. तोळा फक्त तोंडी उरला आणि तोंडी राहिलेल्या शब्दाला हिशेबाच्या सोयीने दहाचा गोल आकडा चिकटला. १९४८ साली तोळा होता ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे नाव तेच ठेवून तोळा सुमारे चौदा टक्क्यांनी हलका झाला.

हा ११.६६ आकडा कुठून आला, ते समजले की बाकीचे पुष्कळ सोपे होते. इंग्रजांच्या वजनांत सगळ्यात लहान एकक ग्रेन, म्हणजे धान्याचा दाणा. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, अगदी काटेकोर सांगायचे तर ६४.७९८९१. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला. चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचाच पाडला जाई. त्यामुळे रुपया हे नाणे होतेच, शिवाय ते घरोघरी असलेले वजनही होते. पारड्यात एक रुपया टाकला की समोर एक तोळा. वैद्याच्या पुडीपासून सोनाराच्या काट्यापर्यंत ‘रुपयाभार’ हा शब्द चालायचा तो यामुळे. आजही कुणाच्या देव्हाऱ्यात राणीछाप रुपया असेल तर तो डिजिटल काट्यावर ठेवून पाहा. झीज सोडली तर आकडा साडेअकराच्या पुढेच दिसेल.

तोळ्याच्या खालची उतरंड अशी: बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. गुंज म्हणजे तीच, लाल रंगाची आणि डोक्यावर काळा ठिपका असलेली वेलीवरची बी. दिसायला गोड, पण विषारी. लहान मुलांच्या हाती देऊ नये. बी सगळीकडे मिळते आणि आकाराने बरीचशी सारखी असते, म्हणून सोनारांनी ती वजनाला धरली. हिशेबातली गुंज १२१.५ मिलिग्रॅमची आणि मासा ०.९७२ ग्रॅमचा. ‘घटकेत तोळा, घटकेत मासा’ म्हणताना माणसाचा लहरीपणा बारा पटींनी खालीवर होतो, हे आपण विसरलो आहोत.

आता चिठ्ठी. अशा मिश्र मापांत दशांश लावायला जाऊ नये. चार तोळे सात मासे म्हणजे ४.७ तोळे नव्हेत, जसे चार तास सात मिनिटे म्हणजे ४.७ तास नव्हेत. सगळे आधी सर्वांत लहान मापात उतरवायचे आणि गुणाकार शेवटी एकदाच करायचा. चार तोळ्यांच्या ४ × ९६ = ३८४ गुंजा. सात माशांच्या ७ × ८ = ५६. वरच्या ३. एकूण ४४३ गुंजा. प्रत्येक गुंज ०.१२१५ ग्रॅमची, म्हणून ४४३ × ०.१२१५ = ५३.८२ ग्रॅम. काट्यावर आले होते ५३.६१. दोन्हींतली तफावत पाव ग्रॅमहून कमी. हाच हिशेब दहा ग्रॅमचा तोळा धरून केला तर ४६.१५ ग्रॅम येतात आणि साडेसात ग्रॅम सोने हवेतून आल्यासारखे वाटते. आत्याला मी हे कागदावर करून दाखवले. तिने स्वतः पुन्हा गुणाकार केला, मग चहा ठेवला.

गंमत अशी की भाजीच्या बाजारात याच्या उलट झाले आहे. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव भाग पावशेर, २० तोळे, म्हणजे २३३ ग्रॅम. आज एखादी आजी पावशेर मिरच्या मागते तेव्हा तिला अडीचशे ग्रॅम मिळतात. तोळा लहान झाला आणि पावशेर मोठा झाला. दोघेही जवळच्या गोल आकड्याकडे सरकले. म्हणून जुन्या पाककृतीच्या वहीत ‘पावशेर रवा’ लिहिले असेल तर ती वही कधीची आहे, हे आधी पाहावे. शिऱ्यात सतरा ग्रॅमने काही बिघडत नाही. औषधाच्या काढ्यात किंवा लोणच्याच्या मिठात बिघडू शकते.

ग्रेन आपल्या आयुष्यातून गेला असे वाटते, पण तो घराघरात आहे. तापाची गोळी ६५० मिलिग्रॅमची किंवा ३२५ ची का असते, ५०० आणि १००० सारखी सरळ का नाही? कारण ३२५ म्हणजे पाच ग्रेन आणि ६५० म्हणजे दहा. औषधे ग्रेनमध्ये तोलण्याच्या काळातला डोस मिलिग्रॅमच्या वेष्टनात तसाच राहिला.

सोन्याच्या बातम्यांत येणारा ‘औंस’ही ग्रेनच्याच दाराने समजून घ्यावा, कारण औंस दोन आहेत. किराणा तोलायचा औंस ४३७.५ ग्रेनचा, २८.३५ ग्रॅम. सोने-चांदी तोलायचा, ज्याला ट्रॉय औंस म्हणतात, तो ४८० ग्रेनचा, ३१.१ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसाचा असतो. तो भाव कुणी २८.३५ ने भागला, तर ग्रॅमचा दर जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगतो आणि आपला सोनार स्वस्तात देतो आहे, असा गोड गैरसमज होतो. बाळाच्या दुधाच्या बाटलीवरचा औंस तर तिसराच. तो वजनाचा नाही, मापाचा आहे. द्रव किती जागा व्यापतो, ते तो सांगतो.

दोन्ही बाजू ग्रेनमध्ये मांडल्या की एक सुंदर गोष्ट दिसते. औंस ४८०, तोळा १८०. तीन औंसांचे १४४० ग्रेन, आठ तोळ्यांचेही १४४०. म्हणजे तीन ट्रॉय औंस बरोबर आठ तोळे, कणभरही इकडेतिकडे नाही. आखातातून येणारी सोन्याची बिस्किटे दहा तोळ्यांची असत आणि त्यांचे वजन ११६.६४ ग्रॅम असे विचित्र का, याचे उत्तरही यातच आहे: दहा तोळे म्हणजे पावणेचार औंस. दोन अनोळखी मापांमध्ये थेट पूल शोधत बसण्यापेक्षा दोघांना ओळखणारे तिसरे माप गाठावे. इंग्रजी आणि कंपनीच्या मापांसाठी तो मध्यस्थ ग्रेन, बाकी सगळ्यांसाठी ग्रॅम.

इथवर सगळे सुरळीत आहे, कारण तोळ्याची व्याख्या एकदा झाली आणि टिकली. मणापाशी मात्र पाऊल जपून टाकावे लागते.

पूर्वी शाळेत शिकवला जायचा तो मण ४० शेरांचा, म्हणजे ३२०० तोळे, ३७.३२ किलो. हा बंगालकडचा सरकारी मण. जुन्या मुंबईच्या व्यापारातला मण मात्र २८ पौंडांचा, फक्त १२.७ किलो, आणि मद्रासचा २५ पौंडांचा. एका मणाचे तीन मण, आणि सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या तिपटीहून जास्त. वीस मणांची खंडी. मुंबईच्या मणाने ती ५६० पौंड, २५४ किलो. आणि कापसाच्या बाजारात आजही भाव ज्या खंडीवर सांगतात, ती वेगळीच: ७८४ पौंड, म्हणजे सुमारे ३५६ किलो. ७८४ म्हणजे अठ्ठावीस मण, प्रत्येकी अठ्ठावीस पौंडांचे. टीव्हीवर ‘कापूस खंडीला इतके हजार’ ऐकले की हा ३५६ चा आकडा मनात ठेवावा.

आणि आता गोव्याची खंडी, जी वजनच नाही.

आमच्याकडे जुन्या कागदांत कुळाने भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, किंवा देवस्थानाला द्यायचा खंड खंडी-कुडवांत लिहिलेला सापडतो. वीस कुडवांची एक खंडी. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, हिशेबांतही हीच भाषा. पण कुडव, पायली ही भांडी आहेत. भात त्यांत ओतून मोजायचे, काट्यावर ठेवून नाही. त्यामुळे ‘दहा खंडी भात म्हणजे किती किलो’ या प्रश्नाला आणखी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय उत्तरच नाही: कुडव किती लिटरचा, आणि आत काय भरले होते?

दुसरा प्रश्न किती मोठा आहे, हे पाहायला मी घरातले एक लिटरचे स्टीलचे माप घेतले. काठोकाठ तांदूळ भरून वरून पट्टी फिरवली आणि तोलले: आठशे ग्रॅमच्या आसपास. तेच माप टरफलासकट भाताने भरले, तेव्हा काटा सहाशेपर्यंतही गेला नाही. टरफल जागा खाते आणि दाण्यांच्या टोकांमुळे मध्ये हवाही जास्त राहते. मग तिसऱ्यांदा भात भरले, पण पट्टी फिरवली नाही. हाताने वर शीग लावली, जितकी उभी राहील तितकी. शिगेने बरेच मूठभर जास्त दिले. जुन्या व्यवहारात माप सपाट की शिगेचे, हा म्हणूनच भांडणाचा विषय असे. मापाचे तोंड जितके रुंद, तितकी शीग मोठी. एकाच आकारमानाचे पसरट भांडे घेणाऱ्याच्या फायद्याचे आणि उंच निमुळते देणाऱ्याच्या. हे कुठल्याही कोष्टकात नसते. जो कोणी जुन्या खंडाच्या नोंदींवरून गावाचे उत्पन्न किलोत मांडतो, त्याने भात की तांदूळ, सपाट की शिगेचे, हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर आकडा नेटका दिसतो, पण खरा नसतो.

पोर्तुगीजांनी इथे आपली वजने आणली, आणि त्या वजनांचे शब्द आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. त्यांचा पौंड म्हणजे ‘अर्रातेल’, ४५९ ग्रॅम. हा शब्द अरबी ‘रत्ल’पासून आला. आणि जुन्या मराठीत पौंडाला काय म्हणत? रत्तल. एकच अरबी शब्द लिस्बनला एका वाटेने गेला आणि आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आला. ३२ अर्रातेलांचा एक ‘अरोबा’, १४.६९ किलो. चार अरोबांचा एक ‘किंताल’. अरोबा म्हणजे अरबीत चौथा हिस्सा, किंतालाचा पाव. ईमेलच्या पत्त्यात मध्ये जे ॲटचे चिन्ह येते, त्याला पोर्तुगीज भाषेत आजही अरोबाच म्हणतात.

किंताल आणि क्विंटल हे भाऊ आहेत, दोघांचेही मूळ शंभराच्या कल्पनेत आहे. घोटाळा इथेच होतो. आपला क्विंटल शंभर किलोचा. पोर्तुगीज किंताल १२८ अर्रातेलांचा, ५८.७५ किलो. समजा एका जुन्या नोंदीत मिरी ‘५ किंताल, ३ अरोबा, १२ अर्रातेल’ अशी लिहिली आहे. पाटल्यांचीच रीत लावू: ५ × १२८ = ६४०, ३ × ३२ = ९६, वर १२, एकूण ७४८ अर्रातेल. ७४८ × ०.४५९ = ३४३.३ किलो. हाच किंताल कुणी आजचा क्विंटल समजला तर ५८४ किलो होतील. जहाजभर मालावर ही चूक केली तर व्यापाराचा सगळा इतिहासच फुगतो. अरोबाही देशागणिक बदलतो: ब्राझीलमध्ये गुरांचा भाव अजून अरोबावर सांगतात, पण तिथे तो सरळ १५ किलोचा करून टाकला आहे. आपण दहा ग्रॅमचा तोळा केला, त्यांनी पंधरा किलोचा अरोबा.

मसाल्याच्या व्यापारात याहून अवघड माप होते ‘बहार’. शब्द आपल्या ‘भार’चाच नातेवाईक. तो बंदराबंदरागणिक वेगळा असे, आणि त्याच बंदरात मालामालागणिकही. पोर्तुगीजांना ही इतकी डोकेदुखी होती की १५५४ मध्ये आंतोनियु नुनिश या त्यांच्या हिशेबनिसाने पूर्वेकडच्या बंदरांतील वजने, मापे आणि नाणी यांची तपशीलवार नोंदच करून ठेवली. बहार समोर आला की म्हणून आधी बंदर पाहायचे, मग माल, आणि आकडेमोड त्यानंतर.

जुन्या कागदांना हात न लावणाऱ्यालाही गोव्यात हा विषय चुकत नाही. काजूच्या दुकानात पाकिटावर ‘डब्ल्यू ३२०’, ‘डब्ल्यू २४०’, ‘डब्ल्यू १८०’ असे लिहिलेले असते. पर्यटक विचारतात की हा ग्रॅमचा आकडा का? नाही. एका पौंडात जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात, तो हा आकडा. ३२० गर ४५३.६ ग्रॅममध्ये, म्हणजे एक गर सुमारे १.४ ग्रॅमचा. १८० मध्ये एक गर अडीच ग्रॅमचा. म्हणून आकडा लहान, गर मोठा, भाव जास्त. पाव किलोच्या पाकिटात १८० चे गर साधारण शंभर निघतील, ३२० चे पावणेदोनशेच्या आसपास. पौंड आपण सोडला, पण आपल्या काजूवर तो अजून छापला जातो.

आणि मुरगाव बंदरातून जाणारे खनिज. टन म्हटले की आपण हजार किलो धरतो. इंग्रजी लाँग टन २२४० पौंडांचा, १०१६ किलो. अमेरिकेचा शॉर्ट टन २००० पौंडांचा, ९०७ किलो. पन्नास हजार लाँग टन खनिज मेट्रिक टनांत ५०,८०२ होते. वरचे आठशे टन हे कितीतरी ट्रकांचे ओझे आहे. पण खनिजात त्याहून मोठा फरक पाण्याचा असतो. ओल्या खनिजात आठ टक्के पाणी असेल, तर ओल्या पन्नास हजार टनांत कोरडे खनिज ४६,००० टन. म्हणून त्या धंद्यात टनाच्या आधी ‘ओला’ की ‘कोरडा’ हे लिहितात. भाताच्या शिगेचाच हा थोरला भाऊ.

एक गोष्ट आकड्यांच्या शेपटीबद्दल. गणकयंत्रात चिठ्ठीचा हिशेब केला तर ५३.८२४५ येते. चार दशांश स्थळे लिहायचा मोह होतो. पण सोनाराने गुंजेपर्यंत तोलले होते, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आतले त्याने पाहिलेच नव्हते. तेव्हा ५३.८ हेच प्रामाणिक उत्तर. जितके बारीक तोलले, त्याहून बारीक उत्तर रूपांतराने मिळत नाही.

उरला तो काट्यावरचा फरक: चिठ्ठीचे ५३.८२ आणि आजचे ५३.६१. एकवीस सेंटिग्रॅम, म्हणजे पावणेदोन गुंजा. आत्याने पाटल्या खिडकीपाशी धरून पाहिल्या. आतल्या बाजूची नक्षी, मनगटाला लागते तिथे, जवळजवळ गुळगुळीत झाली होती. एवढे सोने आजीच्या हाताने झिजले.